हाताला हुन्नर, हुन्नराला जागा

जून महिना आला की तालुक्याच्या गावी वह्यावाटपाचे कार्यक्रम सुरू होतात. हार, नारळ, फलक, छायाचित्र. ओळीने उभी केलेली मुले आणि त्यांच्या हाती चार-सहा वह्या. हिवाळ्यात ब्लँकेट, अधूनमधून नेत्रतपासणी, रक्तदान. रोटरी, लायन्स यांसारख्या सेवा क्लबांचे काम आपल्या वस्त्यांना माहीत आहे ते बहुधा असे. या कामाला आम्ही नावे ठेवत नाही. ज्या घरात वही विकत आणायला पैसे नसतात त्या घराला वहीची किंमत कळते. मोतीबिंदू काढलेल्या आजीला नातवाचे तोंड पुन्हा दिसते, त्याचे मोल पैशात होत नाही. पण वही घेतलेले ते मूल एक दिवस अठरा वर्षांचे होते. तेव्हा त्याला वही नको असते, काम हवे असते. त्या वयाच्या मुलामुलींसाठी या क्लबांनी काय करावे, आणि आपण त्यांच्याकडे काय मागावे, याचा विचार वाचकांपुढे ठेवीत आहोत.

क्लब म्हणजे गावातल्या धंद्यांची यादी

रोटरीचा आरंभ २३ फेब्रुवारी १९०५ रोजी अमेरिकेत शिकागो शहरात झाला. पहिल्या बैठकीला चारच माणसे होती : एक वकील, एक कोळशाचा व्यापारी, एक खाण अभियंता आणि एक शिंपीकाम करणारा व्यावसायिक. आळीपाळीने एकेकाच्या जागी जमायचे, म्हणून नाव पडले रोटरी. प्रत्येक धंद्याचा एकेक माणूस घ्यायचा, हा सुरुवातीचा नियम. त्यांचे पहिले लोकोपयोगी काम कोणते, तर शहरात सार्वजनिक शौचालये व्हावीत म्हणून १९०७ साली धरलेला आग्रह. पुढे १९१७ साली त्याच शहरात लायन्सची स्थापना झाली, आणि १९५६ साली ती भारतात आली. पोलिओविरुद्धची मोहीम रोटरीने १९८५ मध्ये हाती घेतली. सरकार, आरोग्य सेविका आणि लाखो स्वयंसेवकांच्या कष्टाने १३ जानेवारी २०११ नंतर भारतात पोलिओचा नैसर्गिक विषाणू कोणाला झालेला आढळला नाही. मनावर घेतले तर अशा संस्था केवढे काम तडीस नेऊ शकतात, हे यावरून दिसते.

आम्हांला महत्त्वाची वाटते ती धंद्यांची गोष्ट. सेवा क्लबात बसतात कोण? डॉक्टर, औषध दुकानदार, जिनिंगवाले, ठेकेदार, ट्रॅक्टर व मोटारसायकलींचे विक्रेते, छापखान्याचे मालक, बँकेचे अधिकारी, शाळाचालक. म्हणजे क्लबाची सभासदयादी ही त्या गावात रोजगार देणाऱ्यांची यादी असते. क्लबाची खरी श्रीमंती त्याच्या निधीत नाही, या यादीत आहे.

सेलूचेच पाहू

सेलू हे मनमाड-परभणी लोहमार्गावरचे, कापसाच्या बाजाराचे गाव. अशा गावात कामे कमी नसतात. जिनिंगच्या यंत्रांना फिटर लागतो. ट्रॅक्टर, पाणबुडी मोटार, ठिबक संच, सौर पंप बिघडतात, त्यांना दुरुस्त करणारा हात लागतो. दवाखान्यांना रक्त तपासणारे, मलमपट्टी करणारे लागतात. घरोघरी वायरिंग, नळकाम, फरशी चालूच असते.

मग आपला मुलगा रिकामा का? त्याला कष्टाचा कंटाळा आहे म्हणून नव्हे. छोट्या गावात कामावर घेण्याची जाहिरात निघत नाही. मालक आपल्या मेहुण्याला विचारतो, मेहुणा आपल्या पाहुण्याला सांगतो, आणि जागा भरते. त्या गणगोतात आपले कोणी नसते. आयटीआयचे प्रमाणपत्र खिशात असूनही ‘‘तुला कोण ओळखतं?’’ या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नसते.

कायदा आहे, पण त्याचा हात इथवर पोहोचत नाही. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली, २०१९ च्या सुधारित नियमांप्रमाणे, तीस किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या आस्थापनेवर उमेदवार घेण्याची सक्ती आहे. चार ते एकोणतीस माणसे असतील तर ते मालकाच्या मर्जीवर. तालुक्याच्या गावी बहुतेक गॅरेज, दुकाने आणि दवाखाने मर्जीवाल्या गटात किंवा त्याहूनही लहान. जिथे सक्ती नाही तिथे मन वळवावे लागते. मालकांचे मन वळवायला मालकांच्याच क्लबाइतकी योग्य जागा दुसरी कोणती?

बाबासाहेबांनी हेच मागितले होते

२० जुलै १९२४ रोजी स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेच्या उद्दिष्टांत वसतिगृहे व वाचनालये यांच्याबरोबर औद्योगिक आणि शेतकी शाळा काढणे हेही होते. २९ ऑक्टोबर १९४२ रोजी व्हाइसरॉयना दिलेल्या निवेदनात बाबासाहेबांनी तांत्रिक शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मागितल्या, आणि सरकारी छापखाने व रेल्वेचे कारखाने यांत आपल्या मुलांना उमेदवार म्हणून घ्यावे असेही सुचवले. मुलाला शिकवा एवढे म्हणून ते थांबले नाहीत. कोणत्या कारखान्यात उभे करा, तेही त्यांनी सांगितले.

बडोद्याची हकीकत तर घरोघर माहीत आहे. १९१३ साली सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब अमेरिकेला गेले. १९१७ साली करारानुसार बडोद्यास नोकरीवर रुजू झाले, तेव्हा एवढ्या विद्वान माणसाला त्या शहरात राहायला जागा मिळेना. शिक्षण झाले, नोकरीही होती, तरी उंबरठा ओलांडू दिला नाही. प्रशिक्षण देणाऱ्या प्रत्येक संस्थेने ही गोष्ट ध्यानात ठेवावी. हुन्नर शिकवणे हे अर्धे काम; त्या हुन्नराला जागा मिळवून देणे हे उरलेले अर्धे.

पाबळचा धडा

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात पाबळ नावाचे गाव आहे. तिथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सुटलेल्या मुलामुलींना तिथे एक वर्ष ठेवून घेतात. लोखंडकाम व बांधकाम, वीज व ऊर्जा, शेती व पशुपालन, घर व आरोग्य अशी चारही अंगांची कामे ती हाताने करून शिकतात. तेथे शिकण्याची कामे म्हणजे गावाला लागणारी खरी कामे. खोटी वस्तू करून मोडून टाकायची नाही. शेड उभी करायची, ती लोकांनी वापरायची. मुलाला पहिले गिऱ्हाईक शिकतानाच भेटते.

याच्या उलट पुष्कळ ठिकाणी काय होते? तीन महिन्यांचा शिवणवर्ग होतो, समारोपाला प्रमाणपत्र आणि कधी शिलाई यंत्रही मिळते. सहा महिन्यांनी ते यंत्र कोपऱ्यात झाकून ठेवलेले असते, कारण शिवायला कापड येत नाही. आमचे म्हणणे असे की शिवणवर्ग घेणाऱ्या क्लबात शाळाचालक असतात, डॉक्टर असतात. शाळेला गणवेश लागतात, दवाखान्याला चादरी आणि कामाचे कपडे लागतात. त्यातले पन्नास नग जरी त्या मुलींना रास्त दराने शिवायला दिले, तर त्यांचे पहिले पाऊल पडते.

आणखी एक सावधगिरी. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा परंपरागत व्यवसाय आहेत. प्रशिक्षण, विद्यावेतन आणि पंधरा हजार रुपयांपर्यंत अवजारांसाठी मदत आहे. गवंडीकाम किंवा शिवण करणाऱ्याने तिचा लाभ जरूर घ्यावा. पण त्या अठरांत वायरमन नाही, मोटार दुरुस्ती नाही. बापाने केरसुण्या वळल्या म्हणून मुलाला केरसुणीच्याच वर्गात बसवू नका. त्याला काय शिकायचे आहे ते आधी विचारा.

क्लबाचे लोक वस्तीत आले तर

तेव्हा समाजमंदिरात चटया टाका, चहा द्या, आणि पुढील गोष्टी स्पष्ट मागा.

एक : प्रत्येक सभासदाने वर्षाला आपल्या दुकानात, गॅरेजमध्ये किंवा दवाखान्यात एक मुलगा अगर मुलगी सहा महिने उमेदवार म्हणून घ्यावी. झाडलोट करायला नव्हे, काम शिकायला.

दोन : त्या काळात काहीतरी विद्यावेतन द्यावे. रोजंदारीवरच्या घराला एक कमावता हात फुकट सोडणे परवडत नाही.

तीन : वर्गाचे दिवस आपल्या सोयीने ठरावेत. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातील मुलगा दसरा-दिवाळीनंतर गावात नसतो. कापूस वेचणीत मुलींना सवड नसते.

चार : महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या कर्जाचा अर्ज बँकेत अडकला, तर क्लबातील जाणत्या माणसाने एकदा सोबत यावे.

पाच : वर्षअखेर किती प्रमाणपत्रे वाटली ते न सांगता, किती जण कामाला लागले आणि टिकले ते सांगावे.

आपल्याकडूनही काही लागेल. जातीचा व उत्पन्नाचा दाखला, आधार, बँकेचे खाते हे आधीच तयार ठेवा. पहिल्या महिन्यात मालक रागावला म्हणून मुलाने घरी बसू नये. मात्र कोणी जातीवरून बोलले, तर गप्पही बसू नये. आणि मातांना आमची विशेष विनंती आहे. मुलगी वायरिंग किंवा मोटार दुरुस्ती शिकते म्हणाली, तर ‘‘लोक काय म्हणतील’’ म्हणून तिला अडवू नका. दिवसाची वेळ, येण्याजाण्याची सोय आणि तिथे आणखी एखादी बाई आहे का, एवढी खात्री करून घ्या आणि तिला पाठवा.

मदत घेण्यात कमीपणा नाही, पण मदतीची रीत आपण सांगू शकतो. पुढच्या जूनमध्ये वह्यांचा गठ्ठा घेऊन गाडी आली, तर लहानग्यांना वह्या घेऊ द्या. मोठ्या मुलांची यादी तयार ठेवा : नाव, शिक्षण, आणि प्रत्येकाला कोणते काम शिकायचे आहे ते. छायाचित्र निघण्याआधी ती अध्यक्षांच्या हाती द्या, आणि महिन्याने जाऊन विचारा, यातले किती जण लागले?