जुन्या पिकअप गाडीचा घरच्या घरीं जीर्णोद्धार

सोलापूर जिल्ह्यांतील शेतकऱ्याचा माल घड्याळाशीं बांधलेला आहे. सांगोला-पंढरपूर बाजूचें डाळिंब असो कीं मोहोळ-बार्शी बाजूचा कांदा असो, तो लिलावाच्या वेळीं बाजार समितीच्या आवारांत पोंचला तर त्यास गिऱ्हाईक. उशीर झाला तर तोच माल दुसऱ्या दिवसापर्यंत पडून राहतो आणि वजन व तजेला दोन्ही गमावतो. यामुळें आपली स्वतःची मालवाहू गाडी असावी असें ज्यास वाटत नाहीं असा बागाईतदार विरळाच. नवी गाडी बहुधा कर्जावांचून येत नाहीं, आणि पाऊस पडला नाहीं म्हणून कर्जाचा हप्ता थांबत नाहीं. अशा वेळीं दहा-पंधरा वर्षें चाललेली एखादी पिकअप स्वस्तांत मिळत असल्याचें कानावर येतें व मन तिकडे ओढ घेतें. ती घ्यावी कीं घेऊं नये, आणि घेतल्यास आपल्या अंगणांत तिचें काय करतां येतें, एवढाच विषय या लेखांत घेतला आहे.

आमचें मत आरंभींच सांगून टाकतों. जुन्या गाडीवरील पहिला रुपया डोळ्यांस न दिसणाऱ्या ठिकाणीं खर्च झाला पाहिजे. म्हणजे चासी, ब्रेक व स्टिअरिंग यांवर. रंग, गादी, गाणीं वाजविण्याचें यंत्र हीं सर्व शेवटीं. आमच्या पाहण्यांत मात्र क्रम बहुधा उलटा येतो. गाडी घरीं येतांच तिच्या कपाळावर देवाचें नांव रंगविलें जातें आणि ब्रेकचें तेल मागील मालकाच्या वेळचें तसेंच राहतें.

जुनें यंत्र नीट करून वापरण्याची रीत आपल्याकडे नवी नाहीं. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्याच्या शिल्लक जीपगाड्या विक्रीस निघाल्या, आणि त्या वर्षानुवर्षें चालत्या ठेवल्या त्या गांवोगांवच्या मिस्त्रींनीं. सोलापुरांत जन्मलेले वालचंद हिराचंद यांनीं १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली. टाटा ४०७ ही गाडी १९८६ साली आली, व ज्यास आपण ‘छोटा हत्ती’ म्हणतों ती टाटा एस २००५ साली. आज जुन्या बाजारांत शेतकऱ्याच्या हातीं लागतात त्या बहुधा याच जातीच्या गाड्या किंवा महिंद्राच्या पिकअप. यांच्या बहुतेक सुट्या भागांस सोलापुरांत तोटा नाहीं, आणि जुनी गाडी घेतांना हाच गुण सर्वांत मोठा समजावा. कितीही नामांकित गाडी असली तरी जिचा क्लच मागविण्यास पंधरा दिवस लागतात ती शेतकऱ्याच्या कामाची नव्हे.

गाडी पाहावयास जातांना एक लहानसें लोहचुंबक खिशांत असावें. पत्र्यावर जेथें तें चिकटत नाहीं तेथें रंगाखालीं लांबी भरलेली आहे असें ओळखावें. पत्रा मात्र बदलतां येतो. चासी तशी नाहीं. म्हणून गाडीखालीं निजून दोन्ही लांब पट्ट्या टोंकापासून टोंकापर्यंत पाहाव्या, लहान हातोडीनें ठोकून पाहाव्या. निरोगी लोखंड खणखणतें, गंजानें पोकळ झालेलें बद्द वाजतें. पाटे ज्या ठिकाणीं चासीस जोडलेले असतात तेथील तडे व पूर्वींचे वेल्डिंगचे सांधे विशेष पाहावे. चासीस मोठा तडा असेल, किंवा चासी-क्रमांक घासलेला अथवा पुन्हा कोरलेला दिसेल, तर किंमत कितीही उतरली तरी मागें फिरावें.

इंजिन थंड असतांना चालू करून धूर पाहावा. काळा धूर हवा कमी किंवा डिझेल अधिक पडत असल्याचा. तो बहुधा फिल्टर, नोझल किंवा पंपाच्या दुरुस्तीनें जातो. निळा धूर वंगण जळत असल्याचा, म्हणजे खर्च मोठा. पांढरा धूर गरम झाल्यावरही राहिला आणि रेडिएटरचें पाणी कमी होत गेलें तर हेड गॅस्केट गेलें असण्याचा संशय धरावा. भारत स्टेज ४ चे नियम १ एप्रिल २०१७ पासून व भारत स्टेज ६ चे १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झाले. अलीकडच्या या गाड्यांचा डिझेल पुरवठा संगणकाच्या ताब्यांत असून त्यांच्या नळींतील दाब एक हजार बारहून अधिक असतो. तसली नळी सैल केल्यास सुटणारी धार कातडी भेदून आंत जाते. त्या कामास घरीं हात लावूं नये. जुन्या धाटणीच्या साध्या पंपाचें इंजिन अधिक धूर करील, परंतु तें पान्यानें उघडतां येतें.

कागदपत्रांचा कंटाळा करणारास पुढें फार कंटाळावें लागतें. नोंदणी-पुस्तकांतील इंजिन व चासीचे क्रमांक गाडीवरील क्रमांकांशीं स्वतः ताडून पाहावे, आणि कर्जाचा बोजा उतरल्याची नोंद झाली आहे काय तें पाहावें. विकत घेणारानें तीस दिवसांच्या आंत मालकी-बदलाचा अर्ज परिवहन कार्यालयांत दिला पाहिजे. मालवाहू गाडीस आठ वर्षांनंतर योग्यता-प्रमाणपत्र दरवर्षीं घ्यावें लागतें, आणि पंधरा वर्षांवरील गाडीच्या तपासणीची फी १ एप्रिल २०२२ पासून बरीच वाढलेली आहे. स्वस्त गाडीची किंमत मोजतांना ही रक्कमही हिशेबांत धरावी. एक सोय शेतकऱ्यास माहीत असावी ती अशी कीं, मालासह एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीस मोटार वाहन कायदा, १९८८ च्या ६६ व्या कलमाप्रमाणें वाहतुकीचा परवाना लागत नाहीं. योग्यता-प्रमाणपत्र मात्र लागतेंच.

आमचा ठोकताळा असा आहे कीं, गाडीस जितकी किंमत द्यावयाची त्याच्या निम्मी रक्कम तरी दुरुस्तीसाठीं वेगळी काढून ठेवल्यावांचून सौदा करूं नये. हातचें सर्व पैसे खरेदींतच संपले तर गाडी पहिल्या हंगामांतच गोठ्यामागें जाऊन उभी राहते.

आतां अंगणांतील काम. जागा सपाट व कठीण असावी. काळ्या रानांत जॅक खचतो. चाक काढल्यावर चासीखालीं जाड लाकडी ठोकळे किंवा लोखंडी घोड्या दिल्यावांचून, नुसत्या जॅकच्या भरंवशावर कोणीही गाडीखालीं जाऊं नये. विटा व सिमेंटचे पोकळ ठोकळे भाराखालीं एकाएकीं फुटतात, ते मुळींच वापरूं नयेत.

पहिलें काम ब्रेकचें. पायाखालचा पट्टा दाबला म्हणजे तेल नळ्यांतून चाकाशीं जातें व तेथील सिलेंडर लायनरला ढकलतो. तेल दबत नाहीं म्हणूनच हा जोर पोंचतो. हवा शिरली तर ती दबते आणि पाय खालपर्यंत जातो. शिवाय ब्रेकचें तेल हवेंतील ओलावा ओढून घेतें, आणि ओलावा वाढला कीं त्याचा उत्कलनबिंदु खालीं येतो. भरलेली गाडी घेऊन तुळजापूरचा घाट उतरतांना वरचेवर ब्रेक लावल्यानें तें तापतें, त्याची वाफ होते आणि ऐन वेळीं पाय पोकळ जातो. सकाळीं अंगणांत उत्तम लागणारा ब्रेक दुपारीं घाटांत दगा देतो तो यामुळें. म्हणून जुनें तेल सर्व काढून, झांकणावर लिहिलेल्या प्रतीचें नवें भरावें. पुढें दर दोन वर्षांनीं बदलावें. इंजिनाचें वंगण चुकूनही त्यांत घालूं नये, त्यानें आंतील रबर फुगतें. हवा काढतांना सुरुवात सर्वांत दूरच्या, म्हणजे मागील डाव्या चाकापासून करावी. एकानें पट्टा दाबून धरावा, दुसऱ्यानें चाकाजवळचा निपल सोडावा, व पट्टा सोडण्यापूर्वीं निपल आवळून घ्यावा. ड्रम उघडल्यावर आंतील धूळ हवेनें उडवूं नये. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असूं शकतो व तो फुप्फुसास घातक आहे. ओल्या फडक्यानें पुसावी. रबराचे होज फुगलेले किंवा चिरलेले दिसल्यास सर्व बदलावे. हें काम हातीं घेण्याचा आत्मविश्वास नसेल तर मिस्त्रीकडून करवून घ्यावें, पण करावें हें पहिलें.

पाट्यांविषयीं थोडें स्पष्ट बोलणें आवश्यक आहे. गाडी घेतांच दोन पाटे वाढविण्याची चाल आपल्याकडे सर्वत्र आहे आणि तिला लोक सुधारणा म्हणतात. पाटे वाढल्यानें गाडी बसत नाहीं एवढेंच. ब्रेक तेवढेच राहतात, धुरा तोच राहतो, टायरही तेच, आणि पूर्वीं पाटे वांकून जो धक्का गिळीत असत तो आतां सरळ चासीस बसतो. बैलाच्या खांद्यावर जाड जूं ठेवलें म्हणून बैलाची ताकद वाढत नाहीं. मोडका पाटा बदलावा, बुश व यू-बोल्ट नवे घालावे, परंतु संख्या मूळचीच ठेवावी. टायरच्या कडेस चार आंकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी आमच्या उन्हानें जुनें रबर चिरतें, म्हणून नक्षीबरोबर हे आंकडेही वाचावे.

एप्रिल-मे महिन्यांत सोलापुरांत पारा चाळिसाच्या वर जातो, तेव्हां रेडिएटरची परीक्षा होते. ठिबकच्या ड्रिपरमध्यें बोअरच्या पाण्याचा जो पांढरा थर सांचतो तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत सांचत असतो. फरक एवढाच कीं ड्रिपर दिसतो. ठिबक साफ करण्याचें ॲसिड मात्र येथें ओतूं नये, कारण ॲल्युमिनियम त्यानें खाल्लें जातें. रेडिएटर काढून कारागिराकडून साफ करवावा, होज व पट्टा बदलावा, आणि यापुढें शुद्ध पाणी व कूलंट यांचें मिश्रण भरावें. थर्मोस्टॅट काढून फेंकण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात. तो ऐकूं नये, नवा बसवावा. डिझेलची टाकी तळापर्यंत रिकामी करून धुवावी, कारण जुन्या टाकींत पाणी व गाळ असतोच.

विजेच्या कामांत एक सुधारणा खरोखर करण्याजोगी आहे. समोरचे दोन दिवे ६० वॅटचे धरल्यास १२ व्होल्टवर दहा अँपियर प्रवाह लागतो, आणि जुन्या गाडींत तो सर्व लहानशा बटनांतून व कुजलेल्या वायरींतून जातो. वाटेंतच दाब गळतो व दिवा पिवळा पडतो. बॅटरीपासून फ्यूज घालून जाड वायर आणावी, मध्यें रिले बसवावा व जुन्या बटनाकडे रिले चालविण्याचेंच काम ठेवावें. जुनेच दिवे नव्यासारखे लागतात, आणि समोरच्याचे डोळे दिपविणारे भलत्या ताकदीचे दिवे घेण्याची गरज राहत नाहीं. हें काम करतांना, तसेंच गाडीवर कोठेंही वेल्डिंग करतांना, बॅटरी आधीं सोडावी.

हौदा हा शेतकऱ्याच्या गाडीचा सर्वांत लवकर मरणारा भाग होय. बोर्डो मिश्रणासाठीं मोरचूद लोखंडी भांड्यांत आपण कालवीत नाहीं. परंतु त्याच्या फुटक्या पिशव्या लोखंडी हौद्यांत खुशाल टाकतों. पोटॅश व इतर खतांचे क्षार हवेंतील ओल धरतात आणि पत्र्याच्या घड्यांत बसून आंतून खातात. सडका पत्रा कापून त्याच जाडीचा नवा जोडावा, गंज तारेच्या ब्रशनें लखलखीत होईपर्यंत काढावा व त्याच दिवशीं रेड ऑक्साइडचा हात द्यावा. ही कामें पावसाळ्यापूर्वीं उरकावीं. तळाशीं पाणी निघून जाण्याचीं छिद्रें मोकळीं ठेवावीं. माल बांधण्याच्या कड्यांसाठीं चासीच्या वरच्या किंवा खालच्या कडेस भोंक पाडूं नये, कारण भाराचा ताण तेथेंच अधिक असतो. कड्या हौद्याच्या चौकटीस लावाव्या. खत आणल्यावर हौदा त्याच दिवशीं धुतला तर अर्धें काम झालें.

फेरफारांस कायद्याची मर्यादा आहे. ५२ व्या कलमाप्रमाणें नोंदणी-पुस्तकांतील मूळ वर्णनाशीं विसंगत ठरणारा बदल करतां येत नाहीं, आणि सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें याचा स्पष्ट निर्वाळा दिला. हौदा लांब करणें, चासी वाढविणें, भलत्या जातीचें इंजिन बसविणें हीं सर्व यांत येतात. इंजिन बदलणें भागच पडलें तर त्याच प्रकारचें, परिवहन कार्यालयाची आधीं संमति घेऊन बसवावें व नवा क्रमांक पुस्तकांत चढवावा. हौद्यांत बांक टाकून गांवचीं माणसें बाजाराला नेण्याची सोयही करूं नये. मालवाहू गाडींत फुकट बसविलेल्या उतारूंची भरपाई विमा कंपनीवर पडत नाहीं असा निर्णय त्याच न्यायालयानें २००२ साली दिला आहे. म्हणजे अपघात झाल्यास ती रक्कम मालकाच्या जमिनींतून निघूं शकते.

सर्व काम झाल्यावर पहिल्याच दिवशीं पूर्ण भार घालूं नये. अर्धा भार घेऊन जवळच्या बाजारापर्यंत जावें आणि दहा-बारा किलोमीटरांवर थांबून चारही चाकांच्या मध्यभागाजवळ हात न्यावा. एखादें इतरांहून फार तापलेलें असेल तर तेथील ब्रेक घासत आहे किंवा बेअरिंग अधिक आवळलेलें आहे. चाकांच्या आंतील बाजूस तेलाचा ओघळ आहे काय तें पाहावें. चाकाचे नट पुन्हां एकदां आवळावे, कारण नव्यानें बसविलेलें चाक पहिल्या फेरींत थोडें सैल होतें. परत आल्यावर गाडी रात्रभर कोरड्या फरशीवर उभी करावी. सकाळीं खालीं पडलेल्या डागांवरून कोठें काय गळतें तें कळतें: काळा डाग इंजिनाचा, हिरवा किंवा तांबूस पातळ डाग बहुधा कूलंटचा, आणि चाकाजवळचा फिकट तेलकट डाग ब्रेकचा. हा शेवटचा डाग दिसला तर त्या दिवशीं गाडी बाहेर काढूं नये.