वार सुटल्यावर

दिवस भरलेल्या गर्भाशयातून मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहूनही जास्त रक्त वाहत असतं. वार सुटली की तिच्या जागच्या रक्तवाहिन्या उघड्या पडतात. स्नायूंचे आडवेतिडवे धागे आवळले, की त्या चिमटल्या जातात. गर्भाशय ढिलं राहिलं तर रक्त थांबत नाही. बाळंतपणानंतरच्या अतिरक्तस्रावाच्या दहापैकी सुमारे सात प्रसंगांत कारण हेच. जुळी, लांबलेल्या कळा, इतकंच काय, तुंबलेलं मूत्राशयही त्याला हातभार लावतं. बाकी कारणं म्हणजे वारेचा राहिलेला तुकडा, जखमा, क्वचित रक्त न गोठणं. अवघड हे, की धोक्याची एकही खूण नसलेल्या बाईलाही हे होतं. म्हणून बाळ जन्मताच ऑक्सिटोसिनचं 10 युनिटचं इंजेक्शन सरसकट द्यायचं असतं. घरी आल्यावरही एका तासात पॅड पूर्ण भिजलं, तर लगेच दवाखाना गाठा.