सेलिमिये बराकीच्या पोटात

इस्तंबूलच्या आशियाकडच्या काठावर, उस्कुदार भागात, चार कोपऱ्यांना चार उंच बुरूज असलेली एक अवाढव्य चौकोनी इमारत आहे. एक बाजू सुमारे 267 मीटर, दुसरी 200. मधल्या अंगणात अख्खी पलटण कवायत करील. हीच सेलिमिये बराक. शाळेच्या पुस्तकातली फ्लोरेन्स नाइटिंगेल रात्री दिवा घेऊन फिरते ना, ती इथल्याच न संपणाऱ्या व्हरांड्यांतून.

बराकीचा जन्म भांडणातला. सुलतान तिसरा सेलीम याला युरोपीय धर्तीची नवी फौज हवी होती. तिच्यासाठी 1800 च्या सुमारास त्याने इथे लाकडी बराक बांधायला घेतली. जुन्या जॅनिसरी सैनिकांना हा आपल्या पोटावर पाय वाटला. त्यांनी बंड केलं, बराक जाळली. सेलीमची गादीही गेली. पुढे दुसऱ्या महमूदने 1826 मध्ये जॅनिसरींचा कायमचा निकाल लावला आणि त्याच सुमारास बराक पुन्हा उभी केली. या खेपेला दगडाची, हे सांगायला नकोच.

1854 मध्ये क्रिमियन युद्धात तुर्कांनी ती मित्र ब्रिटिशांना इस्पितळासाठी दिली. काळ्या समुद्रापलीकडून जखमींच्या बोटी येऊ लागल्या. नोव्हेंबरच्या सुरुवातीला नाइटिंगेल 38 परिचारिका घेऊन आली. तिने स्वयंपाकघर मार्गी लावलं, कपडे धुण्याची सोय केली, स्वच्छ चादरी आणवल्या. आणि तरीही मरणं वाढतच गेली! फेब्रुवारी 1855 मध्ये दर 100 रुग्णांमागे 42 जण दगावले. गोळीने थोडे, कॉलरा, हगवण आणि टायफसने फार.

मार्चमध्ये लंडनहून स्वच्छता आयोग आला. त्यात डॉक्टर होते, तसा रॉबर्ट रॉलिन्सन नावाचा इंजिनिअरही होता. त्याने रुग्णांऐवजी इमारतच तपासली, आणि खरा आजारी सापडला तो तिथे. जोत्याखालची गटारं तुंबलेली होती. समुद्रावरून वारा सुटला की गटारातली घाण हवा संडासांच्या नळांतून उलटी वर चढून थेट खाटांपर्यंत पोहोचत होती. पाण्याच्या पाटात तर मेलेला घोडा सापडला. आयोगाने गटारं धुऊन काढली, कचरा उपसला, भिंतींना चुना फासला, कोंदट खोल्यांत वारा खेळता केला. जूनमध्ये 100 मागे मृत्यू उरले 2.

मला सगळ्यांत नवल वाटतं ते पुढेच. या मंडळींचा सिद्धांत चूक होता! दुर्गंधीनेच रोग होतात, अशी त्यांची समजूत. जंतूंचा शोध अजून पक्का व्हायचा होता. ते वासाच्या मागे लागले, पण वास घालवायला मैला हलवावा लागतो आणि मैल्याबरोबर जंतूही जातात. निदान चुकलं, औषध लागू पडलं.

बराकीने काय शिकवलं ते नाइटिंगेलला नीट उमगलं ते मायदेशी परतल्यावर, संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्या मदतीने मृत्यूच्या नोंदी पिंजून काढल्या तेव्हा. 1858 मध्ये तिने ते आकडे पाकळ्यांसारख्या रंगीत आकृत्यांत मांडले, म्हणजे मंत्र्यांना ते नुसतं बघूनही कळावं. माझ्या मते तिच्या हातात दिव्याऐवजी ती आकृतीच दाखवायला हवी. तसा तो दिवाही चित्रांतल्यासारखा अल्लाउद्दिनी नव्हताच. घडी घालता येणारा साधा तुर्की कंदील होता.

आज सेलिमियेत तुर्की पहिल्या सैन्याचं मुख्यालय आहे आणि एका बुरुजात नाइटिंगेलचं संग्रहालय. ती स्वतः हिंदुस्थानात कधी आली नाही, पण सेलिमियेचे धडे इथल्या छावण्यांपर्यंत पोहोचले. इथल्या गोऱ्या फौजेत वर्षाला हजारामागे 69 जण मरत होते, तेही बहुतेक रोगराईने. 1863 मध्ये यावरचा शाही आयोगाचा अहवाल आला. त्यासाठी तिने छावण्या-छावण्यांना छापील प्रश्नावली धाडली होती. शौर्य, शिस्त यांची चौकशी तीत नव्हती. पिण्याचं पाणी कुठून येतं आणि सांडपाणी जातं कुठे, हे तिला हवं होतं.