साथीचे पहिले दिवस : १८९६ च्या मुंबईने दिलेला धडा

एप्रिल २०२० मध्ये शेजारच्या मालेगावात कोरोनाचे रुग्ण आढळले, तेव्हा देवळा परिसरातील भाविकांनीही भीतीचे दिवस अनुभवले. त्या काळात शासनाने ज्या कायद्याचा आधार घेतला, तो साथरोग कायदा १८९७ सालचा आहे. त्याचा जन्म मुंबईतील प्लेगच्या साथीतून झाला.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात लोक तापाने व गाठींनी दगावू लागले. गोव्यातील हडफडे गावचे सुपुत्र डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस हे त्या वस्तीत रुग्णांना तपासत होते. हा गाठीचा प्लेग आहे, असे त्यांनी २३ सप्टेंबर रोजी स्पष्टपणे सांगितले. प्रारंभी त्यांच्या निदानाविषयी शंका घेण्यात आली; बंदराच्या व्यापाराची चिंताही होतीच. पुढे अन्य तज्ज्ञांनी त्यांचे निदान खरे ठरविले.

६ ऑक्टोबर रोजी महापालिका आयुक्त स्नो यांनी कठोर आदेश काढला. रुग्णांना सक्तीने रुग्णालयात हलविण्याचा व घरे निर्जंतुक करण्याचा अधिकार अधिकाऱ्यांना मिळाला. रोगाचे मूळ घाणीत आहे, या समजुतीने गटारे धुण्यात आली, घरांत कार्बोलिक आम्ल शिंपडले गेले. उंदरावरील पिसू हा रोग पसरविते, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये दाखविले. तोपर्यंत खरा वाहक मोकळाच राहिला.

सक्तीचा परिणाम उलटा झाला. लोक रुग्णांना लपवू लागले. ऑक्टोबरच्या अखेरीस गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. लाखो लोक शहर सोडून गेले व त्यांच्याबरोबर रोगही गावोगावी पोहोचला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा संमत झाला. पुण्यात सैनिकांनी घराघरांत शिरून झडत्या घेतल्या. त्यातून उसळलेल्या संतापाची परिणती २२ जून रोजी प्लेग अधिकारी रँड यांच्यावरील गोळीबारात झाली.

याच काळात दुसरेही कार्य चालू होते. शासनाने पाचारण केलेल्या वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत लस तयार केली व १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. डॉ. व्हिएगस यांनी हजारो लोकांना लस टोचली. पुण्याजवळ रुग्णसेवा करीत असताना सावित्रीबाई फुले यांना प्लेगची लागण झाली व १० मार्च १८९७ रोजी त्यांनी देह ठेवला. वांद्र्याच्या गल्ल्यांतून त्या वर्षांत उभारलेले क्रूस आजही त्या संकटाची व प्रार्थनेची साक्ष देतात.

साथीच्या आरंभी शासनाने त्वरेने पावले उचलणे आवश्यकच असते. परंतु आदेशाबरोबर सत्य माहिती व माणुसकी नसेल, तर लोक दार लावून घेतात आणि बंद दारामागे रोग वाढतो. अशा वेळी आजाऱ्याला न लपविणे, अफवा न पसरविणे आणि शेजाऱ्याची विचारपूस करणे, हे आपणा प्रत्येकाचे कर्तव्य ठरते.