तोल मागच्या पायांत
(खोगिराखाली : लेखांक ६)

खोगीर नीट बसते, तंग काचत नाही, दात आणि खूर तपासून झालेत. तरी घोडा वळणावर आत कलंडतो, दुडकीत लगामावर रेलून धावतो. अशा घोड्याचे काय करायचे, ते आज पाहू.

उभा घोडा आपले सुमारे ६० टक्के वजन पुढच्या पायांवर पेलतो, कारण जड मान आणि डोके पुढेच. स्वारही बसतो तो खांद्यांच्या उंचवट्यामागे लगेच, म्हणजे त्याचाही बराच भार पुढे. न मुरलेला घोडा मग वेग वाढवून स्वतःला सावरतो, नाहीतर तोंडातल्या कडियाळ्यावर ओझे टाकतो. आपल्याकडे अशा वेळी सरसकट लगाम खेचतात. रेलणाऱ्याला आयता टेकू मिळतो आणि तो आणखी रेलतो.

आपल्या भागातले पुष्कळ घोडे नांदेडच्या माळेगाव यात्रेतून किंवा सारंगखेड्याहून येतात. तिथे ताठ मानेला दाद मिळते. पण लगामाने मान वर ओढली की पाठ दबते आणि मागचे पाय मागेच रेंगाळतात. मला हा रुबाब पटत नाही. तोल हवा तर मागचे पाय पोटाखाली आले पाहिजेत.

परीक्षा सोपी आहे. घोड्याला २० मीटरच्या वर्तुळात फिरवा. डावीकडे तो गुमान जाईल. उजवीकडे वळवताच मान बाहेर, खांदा आत, आणि बघता बघता वर्तुळ आक्रसेल. बहुतेक घोडे एका बाजूला सोयीने वाकतात, आपण डावरे-उजवे असतो तसेच. पण आधी स्वाराकडे मागून बघा. एक रिकीब आखूड आहे का? तो एकाच कुल्ल्यावर बसलाय का? निम्मे वाकडेपण तिथेच सापडते.

मग आतला पाय तंगाजवळ लावून घोड्याला बाहेर ढकला आणि बाहेरच्या लगामाने खांदा धरा. वळणाआधी पाठ ताठ करून बैठक खोल घ्या, बाहेरची मूठ क्षणभर मिटा आणि लगेच सैल सोडा. सोडायला विसरलात तर सगळे फुकट. चालीतून दुडकी, दुडकीतून चाल, चालीतून थांबा, असे बदल वारंवार घ्या. दर बदलात मागचा पाय थोडा जास्त आत येतो. हे जमले की खांदा किंचित आत घेऊन सरळ रेषेत चालवण्याचा धडा घ्यावा. १८व्या शतकात फ्रेंच अश्वशिक्षक ला गेरिनिएरने तो घोडेस्वारीच्या शिक्षणाचा पाया मानला होता.

संभाजीनगरकरांना एक सोय फुकटात आहे, ती म्हणजे चढ. गोगाबाबा टेकडीच्या बाजूला किंवा दौलताबादकडे मोकळ्या लगामाने, सावकाश चालीत घोडा चढवा. पुठ्ठे आपोआप कामाला लागतात. १६१० मध्ये खडकी, म्हणजे आजचे संभाजीनगर, वसवणाऱ्या मलिक अंबरच्या हलक्या घोडदळाने याच मुलखात मोगलांना जेरीस आणले. उतारावर स्वतःला सावरणारे घोडे नसते तर तो गनिमी कावा मसलतीतच राहिला असता.

सराव रोज थोडा, पण दोन्ही बाजूंनी सारखा हवा. सुधारणा दिसायला महिने लागतात.

मात्र कालपर्यंत नीट चालणाऱ्या घोड्याचे मागचे पाय अचानक लटपटू लागले, मधूनमधून ताप आला किंवा पोटाखाली सूज दिसली, तर खोगीर चढवू नका. तो सर्रा हा रोग असू शकतो. पशुवैद्यकांकडून त्याच दिवशी रक्त तपासून घ्या.

(पुढील आठवड्यात : कँटरमध्ये चुकणारा पाय)