आजीचा फ्लॉवरपॉट किती लाखांचा?

अजिंठा-वेरूळचा वीकेंड प्लॅन केलाय? मग अजिंठा उरकून दुसऱ्या दिवशी वेरूळला जाताना दौलताबादच्या किल्ल्यावर चिनी महालापाशी पाच मिनिटं थांबाच. नाव ऐकून वाटतं, इथे कुणी चिनी पाहुणा राहून गेला असणार. छे! भिंतींवर एकेकाळी निळ्या-पांढऱ्या चकचकीत फरशा होत्या, म्हणून तो 'चिनी'. १६८७ मध्ये गोवळकोंडा पडल्यावर औरंगजेबाने तिथला शेवटचा सुलतान तानाशहा याला इथेच कैदेत ठेवलं होतं.

आपल्याकडे 'चिनी' म्हणजे चीनहून आलेलं असं नाही, तसं दिसणारं. लोणच्याची बरणी चिनी मातीची, कपबशी चिनी मातीची. गंमत वाटते, पण आजीचं घर विकायला निघतं आणि शोकेसमधला निळ्या ड्रॅगनचा फ्लॉवरपॉट कुणाच्या वाटणीला जाणार, असा प्रश्न येतो तेव्हा गंमत संपते. काकू म्हणते, निजामाच्या काळातला आहे, लाखोंचा. दादा म्हणतो, फुटपाथवरचा आहे, देऊन टाका. आणि जुना बाजारवाला दारात उभा राहून रोख पाच हजार मोजायला तयार असतो. त्याची ही घाई खरं तर बोलकी असते!

काकूला लगेच हसू नका. छत्रपती संभाजीनगर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होतं आणि तिथल्या बड्या घरांना चिनी भांड्यांचा शौक होता. हैदराबादच्या सालारजंग म्युझियममध्ये गेलात तर डोळे दिपतील. मुंबईतले पारशी व्यापारी तर अफू आणि कापूस घेऊन कँटनला जायचे आणि येताना चहा, रेशमाबरोबर पोर्सेलीनही आणायचे. म्हणजे अस्सल चिनी वस्तू मराठी घरात असू शकते. पण घरातली गोष्ट हा पुरावा नव्हे. आजोबांची जुनी पावती, लग्नातल्या फोटोत मागे दिसणारा तोच फ्लॉवरपॉट, एखादं पत्र, हा पुरावा. तो आधी शोधा, रद्दीवाला यायच्या आत.

मग फ्लॉवरपॉट उलटा करा. (खाली गादी किंवा जाड टॉवेल ठेवून, प्लीज.) सगळी स्टोरी बुडाला असते. तिथे सहा चिनी अक्षरं दिसली की लोक नाचायला लागतात, कारण नेटवर शोधल्यावर ती मिंग घराण्यातल्या चेंगह्वा सम्राटाची, म्हणजे १४६५ ते १४८७ ची निघतात. इथेच बहुतेकांची विकेट पडते! चेंगह्वाचा शिक्का नंतरच्या कारागिरांनी शेकडो वर्षं बिनधास्त वापरला. त्यात दरवेळी फसवणूकच होती असं नाही, जुन्या उस्तादांना केलेला तो सलामही असायचा. खांगशी (१६६२ ते १७२२) आणि छियनलुंग (१७३६ ते १७९५) या सम्राटांच्या शिक्क्यांचीही हीच कथा. शिक्क्यावरून तारीख ठरत नाही. उलट इंग्रजीत 'चायना' असं छापलेलं असेल तर थोडं ठामपणे बोलता येतं. अमेरिकेच्या १८९० च्या टॅरिफ कायद्याने परदेशी मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं, त्यामुळे असा तुकडा बहुधा त्यानंतरचा.

शिक्क्यापेक्षा बुडाची कडा बघा. तिथे झिलई नसते, म्हणून आतली माती उघडी दिसते. शंभर-दीडशे वर्षं सरकवलेल्या भांड्याची कडा वेडीवाकडी झिजते. पॉलिशपेपरने घासलेली सगळीकडे सारखीच दिसते. काळोखात यूव्ही टॉर्च मारला तर डागडुजीचा गोंद आणि नवा रंग बऱ्याचदा वेगळा चमकतो. टिचकी मारल्यावर टणक नाद आला तर बरं, बद्द आवाज आला तर कुठेतरी तडा असू शकतो. तडा, टवका, किंवा लॅम्प बनवायला बुडाला पाडलेलं भोक, या सगळ्यांनी किंमत धाडकन खाली येते. आणि घासणी, ब्लीच, फेविक्विक यांना हातही लावू नका.

एवढं करूनही तुमचं मत हे तुमचं मतच. तज्ज्ञही चुकतात? फ्रान्समधला २०२२ चा किस्सा ऐका. आजीकडून आलेली एक निळी-पांढरी चिनी फुलदाणी फोंतेनब्लोच्या लिलावात आली. तज्ज्ञाने ती विसाव्या शतकातली ठरवली, अंदाज दीड ते दोन हजार युरो. बोली थांबली ७७ लाख युरोवर! तज्ज्ञ तरीही आपल्या मतावर ठाम होता. लंडनजवळच्या पिनरमध्ये घर आवरताना सापडलेल्या फुलदाणीला २०१० मध्ये ४ कोटी ३० लाख पौंडांची बोली लागली, पण घेणाऱ्याने पैसेच दिले नाहीत. तेव्हा आकडे ऐकून राजीनामा लिहायला घेऊ नका. आपल्या घरात निघण्याची शक्यता जास्त आहे ती एकोणिसाव्या-विसाव्या शतकातल्या निर्यातीच्या मालाची.

डोळा तयार करायचा तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटांच्या संग्रहातलं चिनी पोर्सेलीन तासभर बघा. म्युझियमवाले सहसा किंमत सांगत नाहीत. त्यासाठी सॅफ्रनआर्ट, पुंडोल्ससारख्या लिलावघरांना विचारा. समोरून, बुडाचे, कडेचे आणि प्रत्येक टवक्याचे फोटो, मापांसकट. एकाच मतावर थांबू नका, आणि ज्याला तो विकत घ्यायचाय त्याच्याकडून तर किंमत मुळीच ठरवून घेऊ नका. वाटणीपूर्वी लेखी मूल्यांकन केलं तर भावंडांमधली कटकटही कमी होते.

एक मात्र लक्षात ठेवा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षं जुनी कलावस्तू ही पुरावस्तू ठरते. तिचा धंदा करायला लायसन्स लागतं आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. म्हणजे १९२० चा 'साधा' फ्लॉवरपॉटसुद्धा यात येऊ शकतो. न्यू जर्सीच्या ताईला तो सूटकेसमध्ये घालून द्यायचा बेत असेल तर आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून 'पुरावस्तू नाही' असा दाखला मिळतो का ते बघा. त्यांचं मंडळ कार्यालय छत्रपती संभाजीनगरातच आहे.