पोलिसात जाऊ इच्छिणाऱ्या मुला-मुलींनी कॉलेज का करावे?



या पानावर आम्ही नेहमी लागण, खोडवा, बेणे आणि पाण्याच्या पाळ्या यांवर लिहितो. यावेळचा विषय उसाचा नाही, पण तो आपल्याच घरातला आहे. मागच्या महिन्यात गट कार्यालयात एक सभासद आले. नोंदीचे काम झाले तरी उठेनात. मग म्हणाले, "साहेब, पोरगं बारावी झालं. धावते चांगलं. पोलिसातच जाचं म्हणते. मंग कॉलेजात घालून तीन वर्सं कायले दवडाची?" असे विचारणारे ते एकटे नाहीत, म्हणून उत्तर सर्वांसाठी लिहितो.

प्रथम भरतीची रीत समजून घेऊ. पोलीस शिपाई होण्यास बारावी पास पुरते. खुल्या प्रवर्गास वय १८ ते २८ आणि मागासवर्गीयांस ३३ पर्यंत आहे. उंची मुलांस १६५ सें.मी. व मुलींस १५५ सें.मी. लागते. मैदानी चाचणी ५० गुणांची असते. तीत मुलांना १६०० मीटर व मुलींना ८०० मीटर धावणे, शिवाय १०० मीटर धावणे आणि गोळाफेक असते. लेखी परीक्षा १०० गुणांची असून तीत अंकगणित, सामान्य ज्ञान, बुद्धिमत्ता चाचणी व मराठी व्याकरण येते. म्हणजे मैदानापेक्षा कागदाचे गुण दुप्पट! केवळ धावणारा मुलगा इथेच मागे पडतो.

दुसरा दरवाजा फौजदाराचा, म्हणजे पोलीस उपनिरीक्षकाचा. त्यासाठी लोकसेवा आयोगाची परीक्षा असते आणि पदवी लागतेच. निवड झालेल्यांचे प्रशिक्षण नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत होते. दोन्ही दरवाजांत मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव आहेत, हे मुलींच्या वडिलांनी ध्यानात ठेवावे. अटी बदलतात, म्हणून अर्जापूर्वी त्या-त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचावी.

आता मूळ मुद्दा. नोकरी लागण्यापुरतेच कॉलेज हवे काय? आमच्या मते नाही. अकोल्याच्या प्रशिक्षण केंद्रात काय किंवा नाशकात काय, कवायत, शस्त्र आणि कायद्याची कलमे शिकवतात. ते आवश्यकच आहे. पण समोर उभा असलेला माणूस का रडतो, का खोटे बोलतो, का गप्प बसतो, हे ओळखण्याची तयारी त्याआधी व्हावी लागते.

आपल्या भागातलेच उदाहरण घ्या. अमरावती-अकोल्याकडे शेतकरी आत्महत्येचे दुःख कोणत्या गावाला ठाऊक नाही? असे घडले की घरी पहिला सरकारी माणूस येतो तो पोलीस. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ प्रमाणे तो गावातल्या प्रतिष्ठित माणसांसमोर पंचनामा करतो आणि अहवाल २४ तासांत वर पाठवतो. पुढे जिल्ह्याची समिती ते प्रकरण मदतीस पात्र की अपात्र ठरवते. पात्र ठरले तर कुटुंबास १ लाख रुपये मिळतात. समितीसमोरच्या कागदांत पोलिसांचा हा कागदही असतो.

घाईत कुणी "घरगुती कारण" असे दोन शब्द लिहून मोकळा झाला, तर त्या विधवेला पुढे वर्षभर कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागतात. तोच पोलीस समजदार असेल तर घरच्यांना पाणी पाजून, शांतपणे विचारून लिहितो: कर्ज कुणाचे, किती, वसुलीला कोण येत होते, पीक कसे गेले. बिनपरवाना सावकारी हा २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याने गुन्हा आहे, हे त्याच्या ध्यानात येते. हे काम गोळाफेकीने जमत नाही. त्याला समाजाचे ज्ञान, कायद्याची समज आणि स्वच्छ मराठी लागते.

याच्या उलट काय होते, तेही विदर्भानेच पाहिले आहे. १९७२ साली देसाईगंज येथे (तेव्हा चंद्रपूर जिल्हा, आता गडचिरोली) एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यातच अत्याचार झाल्याची तक्रार झाली. नागपूर खंडपीठाने दोघा पोलिसांना शिक्षा दिली. पण सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये, अंगावर जखमा नाहीत वगैरे कारणे देऊन, त्यांना सोडले. १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्यांत वसुधा धगमवार व रघुनाथ केळकर ही दोन मराठी नावे होती. देशभर आंदोलन उठले आणि १९८३ साली कायदा बदलला. भीतीने गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे, ही गोष्ट कॉलेजात शिकवणाऱ्यांनी देशाला समजावून दिली. ठाण्यातल्या माणसाला ती आधीच कळत असती तर?

परदेशातही हा विचार जुना आहे. अमेरिकेतील बर्कले शहराचे पोलीसप्रमुख ऑगस्ट व्होल्मर यांनी शंभर वर्षांपूर्वीच कॉलेजात शिकलेली मुले पोलिसात घेण्याचा आग्रह धरला होता.

मग कोणता विषय घ्यावा? समाजशास्त्र, मानसशास्त्र, समाजकार्य किंवा कायदा यांपैकी झेपेल तो. कायद्यासाठी अमरावतीस डॉ. पंजाबराव देशमुख विधी महाविद्यालय व अकोल्यास अकोला लॉ कॉलेज आहे. विज्ञानाची आवड असेल तर तीही वाया जात नाही. सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तपासणीवर नव्या कायद्याचा भर आहे. शरीर कमवायला अमरावतीत १९१४ पासूनचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहेच. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात मुलाला जरूर पाठवा. दुसऱ्याच्या वस्तीत सात दिवस राहिल्यावर डोळे उघडतात.

एक इशारा देऊन ठेवतो. "अमुक लाख द्या, पोरगा लावून देतो" म्हणणारे दलाल भरतीच्या दिवसांत फिरतात. त्यांच्यापायी वावर विकू नका, उसाचे बिल त्यांच्या हाती देऊ नका. पैसे देऊन लागलेला मुलगा ते पैसे कुणाकडून वसूल करील? आपल्यासारख्याच एखाद्या सभासदाकडून.

भरतीत जागा थोड्या आणि मुले फार. बरीच मुले परत येणार, हेही खरे. पण कॉलेज केलेला मुलगा रिकाम्या हाताने परतत नाही. पदवी त्याच्यापाशी राहते. त्या सभासदांना आम्ही इतकेच सांगितले, "भाऊ, बेणे निवडायला आपण आठ दिवस घालवतो. मग पोराची तीन वर्षे दवडली कशी म्हणता?"

ते हसले अन् म्हणाले, "टाकतो मंग कॉलेजात." आपणही विचार करावा, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी